खळ्यावर घेतलेलं नाव

हंगामाच्या उपासनेत माझ्या बानं परमेश्वराला कणसरीच्या नावानं हाक मारली, तेव्हा मी चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला, भिंतीशी बसलो होतो. मांडीवर गीतांचं पुस्तक उघडं होतं. प्रार्थना संपली की पुढचं गीत मी सुरू करायचं, असं ठरलं होतं. प्रार्थना संपली, पण माझा आवाज फुटेना.

कणसरी ही धान्याची देवी. नवापूरपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या आमच्या डोंगरपट्ट्यात भाताच्या कणसाकणसात ती असते, असं जुने लोक मानत. खळ्यावर मळणी झाली, उफणून रास लागली, की तिचं नाव घ्यायचं. त्याआधी धान्य मोजायचं नाही, पायात काही घालून खळ्यात यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. माझा बा तरुणपणी ख्रिस्ती झाला तेव्हा हे सगळं त्यानं सोडलं होतं. निदान आम्ही तसं समजत होतो.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडायचा. चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली, आणि घंटेच्या जागी आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. मी बी.ए. होऊन दूरच्या एका शहरात धर्मशास्त्र शिकत होतो. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला, आणि मंडळीतला पदवीधरही पहिलाच. त्यामुळे सुटीत आलो की गीत, वाचन, कधी चार शब्द बोलणं, हे आपोआप माझ्याकडे येई. लोक कौतुकानं ऐकत. ते कौतुक मी कमावलेलं नव्हतं, मला दिलेलं होतं, हे मला कळत असे.

हंगामाच्या उपासनेला प्रत्येक घर नवा भात आणायचं. बा मंडळीचा पंच होता. सगळ्यांच्या वतीनं एक सूप उचलून पुढे न्यायचं आणि आमच्या मावची बोलीत प्रार्थना करायची, हे काम त्याच्याकडे होतं, कारण बऱ्याच बायकांना पुस्तकी मराठी समजत नसे. त्या दिवशीही तो सूप घेऊन उभा राहिला. आकाश आणि धरती करणाऱ्या बापा, अशी नेहमीसारखी सुरुवात केली. मग थांबला. इतका वेळ थांबला की मी डोळे उघडले. आणि तो जे बोलला ते मराठीत असं होईल: "कणसरी माय, तुझं तुला आणलंय. पोरांच्या ताटात राहा." लगेच, त्याच श्वासात, "येशूच्या नावानं मागतो."

मागच्या बायका एका सुरात आमेन म्हणाल्या.

आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे. आमची बोली त्यांना तुटक समजायची, पण ते नाव समजायला बोली यावी लागत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उपदेश लवकर आटोपला. लोक बाहेर पडत असताना त्यांनी दारातच बाला सांगितलं, "पुढच्या रविवारी उपासनेनंतर बैठक. तुम्ही यायचं." बानं मान हलवली आणि सूप काखेत धरून चालू लागला.

त्या बैठकीत काय होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळीतून नाव काढलं, तर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, बंद. आणि नाव नसलेल्या माणसाला चर्चमागच्या कबरस्तानात जागा नाही. माझी आई त्याच वर्षी आखाडात गेली होती. पावसात तिला पुरलं तेव्हा कबरीच्या डाव्या अंगाला बानं नदीतले गोटे आणून एक चौकोन आखला होता. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. ती त्याची जागा होती.

वाटेत ओढ्याशी फुई भेटली. फुई म्हणजे बाची थोरली बहीण. ती ख्रिस्ती झाली नव्हती. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर तिचं घर, आणि आमच्या घरातली बातमी तिला आमच्याआधी कळायची.

"काय रे, तुमच्या देवाचे कान फार हळवे म्हणे," ती मला म्हणाली. "एक नाव ऐकलं की दुखतात."

"फुई, गप्प बस."

"मी गप्पच आहे. बोलला तो." तिनं बाकडे बोट दाखवलं. "इतकी वर्षं आमच्या खळ्यावर पाय ठेवला नाही. म्हणे, तिथं सैतान बसतो. आता सैतानाला चर्चात कुणी नेलं?"

ओढा ओलांडताना फुईनं त्याचा हात धरला, कारण दगड निसरडे होते. दुसऱ्या काठावर सोडला आणि आपल्या वाटेनं गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांच्यासमोर उभं राहणं मला सोपं नव्हतं. मला शाळेत घातलं ते त्यांनी. नवापूरच्या बोर्डिंगात पोचवायला सायकलच्या मागे बसवून नेलं, वाटेत चाक बसलं तेव्हा माझी पत्र्याची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला म्हणाले, सायकल तू ढकल, ती शिकायला लागेलच. मी आज जो काही आहे त्यातला मोठा वाटा त्या माणसाचा आहे, हे मी तेव्हाही जाणून होतो.

"बस," ते म्हणाले. "काय सांगशील ते माले माहीत शे. म्हातारा माणूस, बायको गेली, जीभ घसरली. हेच ना?"

"हो साहेब."

"जीभ घसरली तर बायका का अडखळल्या नाहीत? आमेन कसं आलं ते सांग. पाणी उताराला लागावं तसं आलं."

मी खाली बसलो.

मग त्यांनी मला आधीच्या गावची हकिकत सांगितली. तिथं त्यांनी मंडळी उभी केली होती. देवीची साथ आली. आधी कुणी गुपचूप दोरा बांधला, मग कुणी भगताला घरी बोलावलं, मग एकेक घर येईनासं झालं. शेवटी चर्चच्या खोलीत शेळ्या बांधायला लागले. "मी तिथनं एकटा निघालो. ह्याच सायकलवर. पुन्हा असा निघणार नाही मी." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तुझ्या बाला सांग, बैठकीत उभं राहायचं, म्हणायचं मी चुकलो, ते नाव पुन्हा घेणार नाही. एवढं म्हटलं की झालं. नाही म्हटलं, तर माझा इलाज नाही."

मी निरोप घेऊन आलो. बा खळ्यात पेंढा रचत होता.

"बा, एवढंच म्हणायचंय."

"नाही म्हणणार."

"का?"

"पेंढा दे वर."

त्या आठवड्यात मी त्याला सारखं विचारत राहिलो आणि तो पेंढ्याबद्दल, बैलाबद्दल, कौलाबद्दल बोलत राहिला. जेवताना भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा. सकाळी उठलो की तो कबरस्तानाकडून परत येताना दिसायचा. रविवार जवळ येत होता आणि माझ्यापाशी एकच गोष्ट होती, जी वापरावी की नाही हे मला ठरवता येत नव्हतं.

ती गोष्ट मी वर्गात ऐकली होती. आमचे बायबलच्या जुन्या कराराचे शिक्षक वृद्ध होते, हळू बोलायचे. त्यांनी सांगितलं की सीरियाच्या किनाऱ्याजवळ एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला, खाली थडगं निघालं, आणि मग जवळचं टेकाड खणल्यावर एक अख्खं बुडालेलं शहर आणि मातीच्या भाजलेल्या पाट्या सापडल्या. त्या पाट्यांवर, इस्राएलांच्या आधीपासून त्या भागात राहणाऱ्या कनानी लोकांच्या देवांच्या कथा होत्या. त्यांचा थोरला देव एल. पांढऱ्या दाढीचा, दयाळू, नद्यांच्या उगमाशी तंबूत राहणारा, सगळ्या देवांचा बाप. त्याची बायको अशेरा. आणि तरणाबांड बआल, ढगांवर बसून येणारा, गडगडाट हाच ज्याचा आवाज. तो मरतो तेव्हा रान सुकतं, परत येतो तेव्हा पाऊस येतो.

वर्गात मी खाली मान घालून लिहीत होतो. शिक्षक पुढे म्हणाले की इस्राएल लोक देवाला ज्या शब्दांनी हाक मारतात त्यातले कितीतरी शब्द त्याच मातीतले आहेत. इस्राएल या नावातच एल आहे. बेथेल म्हणजे एलचं घर. परमेश्वराच्या आवाजानं लबानोनाचे गंधसरू मोडतात असं जे स्तोत्र आम्ही भक्तीनं म्हणत होतो, त्याची चाल बआलाच्या स्तुतीची असावी, असं अभ्यासक मानतात. देव इतर देवांच्या सभेत उभा राहून न्याय करतो, असं एका स्तोत्रात आहे. ती सभा एलच्या दरबारासारखी आहे. माझ्या शेजारचा मुलगा उठून बाहेर गेला. मी बसून राहिलो, पण पेन थांबलं होतं. मला ओढ्यापलीकडचा फुईचा पाडा दिसत होता, खळ्यातली रास दिसत होती.

शनिवारी दुपारी मी बाला हे सांगितलं. त्याला समजेल असं, शेताच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, बा, इस्राएलही आपल्यासारखेच होते. ज्या देशात राहिले तिथल्या लोकांचे शब्द, सण, खळी त्यांनी घेतली. कापणीचा सण कनानी शेतकऱ्यांचाही होता. देवाला बाप म्हणायचं, दयाळू म्हणायचं, ढगांवर बसून येतो म्हणायचं, हे शेजारीही आपल्या देवांबद्दल म्हणत होते. मग तू एक शब्द घेतलास तर काय मोठं केलंस?

मला वाटलं होतं त्याला धीर येईल. त्याच्या हातातलं विळ्याचं पातं थांबलं.

"म्हणजे परमेश्वरही त्यांच्यातलाच?"

"तसं नाही. ओळख तिथून वाढली, असं म्हणतात."

"मी भाऊ सोडले," बा म्हणाला. "माझ्या बापानं मला ओढ्यात उभं करून विचारलं, हा काठ की तो काठ. मी हा काठ म्हटलं. त्यानं माझ्याशी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. आणि आता तू शिकून येऊन सांगतोस, ओढा नव्हताच?"

मी घाबरलो. त्याला वाचवायला जे आणलं होतं त्यानंच तो हलला होता. उद्या नाव राहिलं आणि विश्वास गेला, तर मी काय मिळवलं? "बा, ओढा आहे," मी म्हटलं, "पण पाणी एकच..." आणि मलाच ते खोटं वाटलं म्हणून मी थांबलो.

तो विळा पाजळत राहिला. शेवटी म्हणाला, "अब्राहामाचं सांग. देवानं बोलावलं म्हणून त्यानं तर घर, भाऊबंद, सगळं सोडलं ना?"

त्या प्रश्नामुळे मला वर्गातली एक दुसरी गोष्ट आठवली. मी ती त्याला सांगितली नाही. उद्या सांगेन म्हणालो. खरं तर ती मला आधी स्वतःशी नीट लावून बघायची होती.

बैठकीला चर्चमध्ये चटया तशाच होत्या. समोर पाळकसाहेब, बाजूला दुसरे पंच. ते सुतार होते, बाच्या बरोबरच बाप्तिस्मा घेतलेले, आणि बाकडे बघायचं टाळत होते. बाकीचे लोक जायला हवे होते, पण कुणी गेलं नाही. बायका खिडक्यांशी उभ्या राहिल्या. बाहेर आंब्याखाली फुई बसली होती, जणू कुणाची वाट बघायला आली होती.

पाळकसाहेबांनी सरळ विचारलं, "ते नाव तुम्ही घेतलं. चुकलो म्हणता का?"

बा उभा राहिला. सुतारपंच हळूच म्हणाले, "अरे, म्हण की. शब्दच आहे."

"शब्दच असता तर तू मला म्हण म्हणाला असतास का?" बा त्यांना म्हणाला.

मी बोलायची परवानगी मागितली. पाळकसाहेबांनी हात केला. मी इस्राएलांच्या मूळपुरुषाची, अब्राहामाची गोष्ट काढली. तो लढाईहून परतत होता तेव्हा शालेम नगराचा राजा मलकीसदेक त्याला सामोरा आला. भाकर आणि द्राक्षारस घेऊन आला. तो इस्राएल नव्हता, इस्राएल अजून जन्मायचे होते. तो कनान देशातला, तिथल्या देवाचा याजक. त्या देवाला तो परात्पर देव म्हणायचा. मूळ भाषेत तो शब्द एलचाच आहे. त्यानं त्या नावानं अब्राहामाला आशीर्वाद दिला. अब्राहामानं भाकर परत केली नाही. तुझा देव वेगळा, असंही म्हणाला नाही. त्याला दशमांश दिला, आणि पुढच्याच घटकेला शपथ घेताना त्यानं परमेश्वराचं नाव घेतलं आणि त्याला जोडून तेच नाव घेतलं, परात्पर देव. "आपण दर रविवारी जे नाव घेतो ते एका कनानी याजकाच्या तोंडून आलेलं आहे," मी म्हटलं. "अब्राहामानं ते नाव टाकलं नाही. आपल्या देवाला दिलं."

खिडकीतल्या बायकांत कुजबुज झाली. सुतारपंचांनी प्रथमच मान वर केली.

पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि, मला वाटतं, थोडा अभिमानही. मग ते म्हणाले, "तू माले शास्त्र शिकाडी ऱ्हायना का?"

"नाही साहेब. तुम्हीच शिकवलं."

"मग होशेय संदेष्ट्याचं पण सांग. तेही शिकवलंय मी."

मला ते ठाऊक होतं. मी त्यालाच भीत होतो.

"लोक म्हणत होते धान्य बआल देतो," त्यांनीच सांगायला सुरुवात केली, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे बायकांना ऐकू जावं. "आणि देवाला दुःख झालं की धान्य मी देतो आणि हिला, बायकोसारख्या माझ्या प्रजेला, ते कळत नाही. देव काय म्हणाला? बआलांची नावं तिच्या तोंडातून काढीन. नावं, बरं का. एलचं नाव राहिलं, कबूल. बआलाचं राहिलं नाही. एलीया संदेष्टा बआलाच्या पुजाऱ्यांसमोर डोंगरावर उभा राहिला तो कशासाठी? पाऊस कोण देतो, एवढ्यासाठीच." ते माझ्याकडे वळले. "आता तू सांग. कणसरी ही एल का बआल?"

मी उत्तर शोधलं. एल म्हणालो असतो तर ते मला ठाऊक नव्हतं, आणि बआल म्हणालो असतो तर बाची जागा गेली असती. वर्षानुवर्षांचं शिक्षण पाठीशी होतं आणि त्या एका प्रश्नाला मला प्रामाणिकपणे एकच उत्तर होतं.

"मला माहीत नाही, साहेब."

"मला पण नाही," ते म्हणाले. "म्हणून भीती वाटते."

तेव्हा बा बोलला. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात.

"ख्रिस्ती झाल्यापासून मी खळ्यावर ते नाव घेतलं नाही. ही घ्यायची."

ही म्हणजे माझी आई. सगळ्यांना कळलं.

"रास लागली की मी मोठ्यानं प्रभूची प्रार्थना म्हणायचो. संपली की ती पुढे येऊन सुपानं पहिला भात उचलायची आणि पुटपुटायची. मला ऐकू यायचं. मी तिला कधी थांबवलं नाही. यंदा माझी प्रार्थना संपली आणि कुणी पुटपुटलं नाही. रास तशीच पडून राहिली. मला मोजवेना. म्हणून राशीतलं सूपभर चर्चात आणलं आणि तिच्या वाटचं मी बोललो." तो थांबला. "मी चुकलो म्हणेन, साहेब. पण मग ती पण चुकली. ती तर तुमच्या हातानं कबरस्तानात आत आहे. मला बाहेर ठेवायचं तर आधी तिला बाहेर काढा. मी तिच्याबरोबर जिथं असेल तिथं जाईन."

खिडकीतल्या बायकांपैकी कुणीतरी रडायला लागलं. त्या सगळ्यांना ते पुटपुटणं येत होतं. म्हणून आमेन इतकं सहज आलं होतं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "तुन्ही बायकोले मी सोता माती दिधी," ते अहिराणीत म्हणाले, बाकडे न बघता. मला वाटलं आता ते उठतील आणि निकाल देतील. ते उठले, पण माझ्याकडे वळले आणि रविवारच्या शाळेत विचारायचे तसं विचारू लागले.

"दावीद राजानं वेदीसाठी जागा कुणाची घेतली?"

"अरवना यबूसीची, साहेब."

"कसली जागा?"

"खळं."

"यबूसी कोण?"

"कनानातलेच. यरुशलेमचे आधीचे रहिवासी."

"आणि शलमोनानं मंदिर कुठं बांधलं?"

"त्याच खळ्यावर."

ते पुटपुटले, "यबूसीच्या खळ्यावर." दोन पावलं खिडकीकडे गेले, परत आले. ते मला विचारत नव्हते, स्वतःलाच विचारत होते, हे मला नंतर लक्षात आलं. "खळं घेतलं. यबूसीचे देव नाही घेतले. पण खळं सोडलं पण नाही. सैतान बसतो म्हणून दुसरीकडे नाही गेला तो." मग बाला म्हणाले, "आम्ही तुम्हाला खळ्यावरनं उठवलं आणि तिथं कुणी गेलंच नाही. मी पण नाही. इतक्या वर्षांत तुमच्या एका खळ्यावर मी आलो नाही."

बा उभाच होता.

"पुढच्या हंगामात रास लागली की मला बोलवायचं. प्रार्थना मी तिथं येऊन करीन. चर्चात ते नाव नको. पंच म्हणून वर्षभर तुम्ही बसणार नाही, दुसऱ्या कुणाला बसवू. मंडळीत नाव राहील."

"भोजन?" बानं विचारलं.

"मिळेल."

"आणि जागा?"

"तुन्ही जागा कोण लेस रे!" पाळकसाहेब एकदम ओरडले, आणि तोंड फिरवून चटया गोळा करायला लागले, जणू ते त्यांचंच काम होतं.

बाहेर आलो तेव्हा फुई उठून उभी राहिली. "काय? ठेवला का माझ्या भावाला?"

"ठेवला."

"मग मला कशाला रडवलं सकाळपासून," ती म्हणाली, आणि आपल्या पाड्याकडे चालू लागली.

घरी जाताना बा माझ्या पुढे चालत होता. ओढ्याशी आल्यावर म्हणाला, "तुझं ते कालचं मला पटलं नाही. मातीच्या पाट्यांचं."

"बरं."

"पण त्या राजानं भाकर आणली, हे चांगलं केलं."

पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की कनान देशाच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या एका जुन्या ठाण्यावर मोठे रांजण सापडले आणि त्यांवर परमेश्वराच्या नावानं आशीर्वाद लिहिलेला होता, आणि त्याच्याच जोडीला अशेरेचं, एलच्या त्या बायकोचं, नाव. त्यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. ती देवी होती की नुसता लाकडी खांब, हे ते ठरवत आहेत. मला मात्र त्या रांजणांबद्दल वाचताना वाद सुचला नाही. कुणीतरी तिथं आधी मोठ्यानं एक प्रार्थना म्हटली असेल आणि कुणीतरी मागून पुटपुटलं असेल, एवढंच दिसलं. बा तेव्हा गोट्यांच्या त्या चौकोनात, आईच्या डाव्या अंगाला, शांत झोपलेला होता. असता तरी मी त्याला हे सांगायचं धाडस केलं असतं असं वाटत नाही.

पण त्या बैठकीनंतरचा हंगाम मला पाहायला मिळाला. सुटी काढून मी आलो होतो. उफणणी झाली, रास लागली, आणि बानं मला पाळकसाहेबांकडे पाठवलं. ते लगेच निघाले, त्यांची सायकल मी चालवली आणि ते मागे बसले. खळ्याच्या कडेला आल्यावर त्यांनी सायकल बोरीला टेकवली आणि कुणी सांगायच्या आत चपला काढल्या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते अनवाणी जपून चालत आले. फुईही ओढा ओलांडून आली होती आणि जरा लांब, बांधावर बसली होती.

पाळकसाहेबांनी राशीपुढे उभं राहून पुस्तकी मराठीत प्रार्थना केली. धान्य तू देतोस, पाऊस तू देतोस, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. प्रार्थनेत त्यांनी परात्पर देवा असं म्हटलं, तेव्हा बानं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. आमेन झालं.

रास तशीच होती. बाच्या हातात आईचं सूप होतं. त्याला पुढे व्हायचं होतं आणि होता येत नव्हतं. पाळकसाहेब त्याच्याकडे बघत होते, मी दोघांकडे.

"मागच्या चाकात हवा कमी वाटते," पाळकसाहेब म्हणाले.

ते खळ्याबाहेर गेले, सायकलचा पंप काढला, आमच्याकडे पाठ करून वाकले आणि हवा भरायला लागले. जोरजोरात भरत होते. मी तीच सायकल आत्ताच चालवत आणली होती. चाक दगडासारखं टणक होतं.

बा पुढे झाला. सूप राशीत घातलं, पहिला भात उचलला. त्याचे ओठ हलले. मी अगदी जवळ होतो, पण पंपाच्या फुसफुसण्यात मला काही ऐकू आलं नाही. बांधावर फुईनं मात्र मान हलवली.

"मोज आता," बा मला म्हणाला.